शेक संपला, तरी जपणूक संपत नाही



या खेपेला पिकाचे नव्हे, घरच्या बाईमाणसाचे बोलायचे आहे.

आमच्या वहिनींना २०१६ साली स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, तो झाला. वहिनी बऱ्या होऊन शेतात जाऊ लागल्या. यंदा वेचणीत त्याच बाजूला छातीवर पऱ्हाटीचा ओरखडा उठला. दोन महिने जखम भरेना. कोणी बिब्बा लावायला सांगितला, तो उतला. "भाऊजी, जुनं दुखणं परत आलं म्हणाल, म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण जखम भरायला आणखी चार महिने गेले.

असे का होते? किरणांनी रोग मरतो, त्याबरोबर कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि घामाच्या, तेलाच्या ग्रंथीही दुखावतात. पाट बुजला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसेच हे. शेकाच्या दिवसांतली लाली काही आठवड्यांत जाते. हे बदल मात्र काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी दिसतात. कातडी पातळ व कोरडी होते, लाल शिरांचे जाळे दिसते, आतला भाग घट्ट होऊन खांदा आखडतो. सगळ्यांनाच होते असे नाही.

काय करावे?

१) सौम्य साबणाने धुवून, टिपून, बिनवासाचे मलम रोज लावावे.

२) शेतात जाताना अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा.

३) पंपाचा पट्टा किंवा पाटीचा भार त्या बाजूला घेऊ नये.

४) बिब्बा, डाग देणे, गरम पाण्याची पिशवी नको.

५) काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला काटा, विळा लागू देऊ नये. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, नवी गाठ किंवा मार न लागता उठलेला जांभळा डाग दिसला तर थांबू नये. असा डाग क्वचित वेगळ्या कर्करोगाचाही असतो. शेकाचे जुने कागद सोबत न्यावेत.

पानावर ठिपका दिसला की तुम्ही तेच पान घेऊन माझ्याकडे येता. अंगावरचा डाग दाखवायला बाईने लाजू नये, आणि घरच्यांनी विचारायला.