आप्पांच्या चांगल्या वर्तणुकीची नोंद कुठे आहे?

मा. साहेब,


आपलं नाव आणि आपली कचेरी मुद्दाम लिहीत नाही. या खुर्चीवर आधी दुसरे साहेब होते, उद्या तिसरे येतील, आणि आमच्या सातबाऱ्यावरचा बोजा जागचा हलणार नाही. म्हणून चार लोकांदेखत लिहितो.

बांधावरून भांडण झालं, काठी चालली, शेजारच्या काकांचा हात मोडला. 2014 साली न्यायालयानं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोषी धरलं. पहिलाच गुन्हा आणि उतारवय बघून तुरुंगात न घालता, 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. सोबत काकांना भरपाई आणि खटल्याचा खर्च, मिळून 22,000 रुपये. निकालाबद्दल माझं काही म्हणणं नाही. काकांचा हात खरंच मोडला होता.

ती दोन वर्षं आप्पांनी कशी काढली ते मात्र आपण पाहायला हवं होतं. परिविक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरी असली की पहाटेची जळगाव एसटी, डोक्यावर धुतलेली टोपी, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. अधिकारी गावातही यायचे. पोलीस पाटलांकडे चौकशी करायचे, आमच्या ओट्यावर चहा घ्यायचे, लिहून न्यायचे. भाऊबंदांपैकी कुणी मुद्दाम डिवचलं तर आप्पा उठून गोठ्यात जायचे आणि बैलांशी बोलत बसायचे. मुदत संपली त्या दिवशी घरात पाऊल टाकता टाकता म्हणाले, "आते सुटनू रे भो." आईनं पेढे वाटले.

सुटले नव्हते. 12,000 भरून झाले होते, उरलेले कापसावर भरू म्हणाले होते. 2017 चा कापूस गुलाबी बोंडअळीनं नेला. बंधपत्र संपलं म्हणजे प्रकरण मिटलं, असं आप्पा धरून चालले. वर्तणुकीचं खातं वेगळं आणि पैशाचं वेगळं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. कायद्याचं 5 वं कलम म्हणतं, ही रक्कम दंडासारखी वसूल करावी. (त्या कलमात हवाला आहे तो अजून 1898 च्या फौजदारी संहितेचा. तिच्या जागी 1973 ची आली, 1 जुलै 2024 पासून तीही गेली. कागदाला घाई नसते, वसुलीला असते.) दंडासारखी म्हणजे न्यायालयाचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून जमीन महसुलाची थकबाकी म्हणून तहसीलला, तिथून तलाठ्याकडे. शेवटी 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ. ती बघून सोसायटीच्या सचिवांनी पीककर्जाचा कागद परत केला. 10,000 रुपयांच्या बाकीपायी आप्पांनी त्या वर्षी बियाणं सावकाराच्या पैशानं आणलं.

31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं जळगावच्या घरकुल घोटाळा प्रकरणात 48 जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं कैद आणि 100 कोटी रुपये दंड. पारावर पेपर वाचून दाखवला तेव्हा आप्पांनी विचारलं, एवढा दंड कोणाच्या सातबाऱ्यावर चढवत असतील? सगळे हसले, मीही हसलो. पुढे अपील झालं, उच्च न्यायालयातून जामीन झाला. तो कायद्यानं दिलेला मार्ग आहे, माझी त्याला ना नाही. अपिलाचा हक्क आप्पांनाही होता, पण वकिलाची फी बाकीपेक्षा जड झाली असती.

2023 मध्ये केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी योजना आणली. दंड भरता येत नाही म्हणून तुरुंगात अडकलेल्या कैद्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती 25,000 रुपयांपर्यंत मंजूर करू शकते. चांगलीच योजना आहे. पण तिच्यासाठी माणूस आत असावा लागतो. नीट वागेल म्हणून ज्याला बाहेर ठेवलं, त्याच्यासाठी तिच्यात काही नाही.

आप्पा 2021 मध्ये गेले. खांदा द्यायला काका होते. माझे पैसे मला नकोत, असं ते दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणाले. तोंडी बोलण्यावर बोजा उतरत नाही, हे मलाही कळतं. माणूस मेला तरी त्याची मालमत्ता दंडातून मोकळी होत नाही, असं आपल्या कारकुनांनी मला ऐकवलं. कायद्यात तसं आहे खरं. त्याच जागी दंड वसुलीला सहा वर्षांची मुदतही लिहिली आहे. ते वाक्य मात्र मला वकिलांकडून कळलं. ती मुदत आमच्या बोजाला लागते की नाही, हे मी आपल्या कचेरीत दिलेल्या अर्जात विचारलं. उत्तर आलं नाही.

साहेब, वाईट याचं वाटतं की आप्पांनी थकवलेला पैसा सरकारदरबारी रुपयापर्यंत लिहिलेला आहे. ओट्यावर बसून लिहून नेलेला 'वर्तणूक समाधानकारक' हा शेरा कोणत्या दप्तरात आहे, हे कुणाला सांगता येत नाही. त्याची नक्कल मागितली तर, "तिचा वसुलीशी काय संबंध?"

संबंध नसेलही. तरी ती नक्कल मला द्या. मुदतीबद्दल काय ते लेखी कळवा. आणि रक्कम निघतच असेल तर आकडा सांगा, पेरणीआधी भरतो. पावती तेवढी आप्पांच्या नावानं फाडा.

आपला,
बोरीकाठच्या एका खातेदाराचा मुलगा