किल्लारीनंतरची मदत आणि आपला हिशेब

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जमीन हादरली. भूकंपाचे केंद्र तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात होते, तीव्रता ५.३ होती. काही क्षणांत सारे शांत झाले आणि विषय आठवड्याभरात मागे पडला. परंतु याच गोदावरी खोऱ्यात, भद्राचलम येथे, १९६९ साली ५.७ तीव्रतेचा धक्का बसला होता. ज्या प्राचीन खचदरीने आपल्याला कोळसा दिला, तिच्या आधारावरच आपली घरे, गोदामे आणि जिनालये उभी आहेत. किल्लारीचा प्रदेशही १९९३ पूर्वी भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा समजला जात असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास तो भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती आणि दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाची त्याच दिवशी सांगता झाली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शासकीय आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. माणसे मेली ती प्रामुख्याने भिंतींमुळे. मातीत रचलेल्या गोट्यांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. कित्येक घरांत आतला लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविला गेला, तो व्यापाऱ्याने अभ्यासावा असा आहे. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे क्षेत्रफळ मात्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले: भूमिहीन व अत्यल्पभूधारकास २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यास ४५० आणि मोठ्या जमीनदारास ७५०. कर्जाची मर्यादा तारणावर ठरते, हे मी आयुष्यभर बँकेत पाहिले. मदतीची मर्यादाही तारणावरच ठरावी, हे मला आजही पटत नाही. नव्या गावांत रस्ते रुंद आणि सरळ आले. परंतु अनेकांचे शेत लांब गेले, जुना शेजार विखुरला. घराची ओटी हेच ज्याचे दुकान होते, त्याला गिऱ्हाईक नव्याने जोडावे लागले.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी गाजला, पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो. ज्या गावांत घरे पूर्णपणे पडली नव्हती, तेथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करावयाचे होते. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. अभियंता मार्गदर्शन करी, काम मात्र घरधनी करवून घेई. गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. सिमेंट कसे वापरावे, भिंतीला पट्टा कोठे घालावा, हे त्या घरोघरी समजावून सांगत. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ही घडी बसविली. ज्याच्या हातून पैसा खर्च होतो, तो विटेचा भावही विचारतो आणि गवंड्याचे कामही तपासतो.

आपल्या समाजाचा वाटाही येथे नोंदविला पाहिजे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोलीला त्यासाठी शैक्षणिक संकुल उभे राहिले. तेथे मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुलेही शिकली. एका जेवणाचा खर्च कोणीही देतो. दहा-बारा वर्षांच्या शिक्षणाचा खर्च म्हणजे हिशेबवहीत दरवर्षी पुढे ओढावयाची बाकी होय. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर याच संघटनेने काही महिन्यांत ३६८ शाळा उभारून दिल्या. त्या भूकंपात कच्छमधील भद्रेश्वरचे प्राचीन जैन मंदिरही कोसळले. हे भद्रेश्वर तेराव्या शतकातील जगडूशाहचे गाव. दुष्काळात त्याने धान्याची कोठारे उघडी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्धा भाग आपण विसरतो: दुष्काळ पडण्यापूर्वीच त्याने कोठारे भरून ठेवली होती.

आपत्तीनंतर आपल्या घरांतून सर्वांत आधी काय निघते? जुने कपडे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. कपाट रिकामे करण्याला आपण दान म्हणतो. शास्त्रात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. त्यांत जुन्या साड्यांना जागा शोधावी लागेल.

आपल्या दोन जिल्ह्यांत भूकंपापेक्षा पूर अधिक परिचयाचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्यातील गावे गोदावरी-प्राणहितेच्या पाण्याखाली गेली. तयारी दोहोंसाठी एकच. भद्रावती तीर्थासारख्या ठिकाणी धर्मशाळा आणि भोजनशाळा बारमाही सुरू असतात. शेकडो माणसांचा स्वयंपाक वेळेवर करण्याची सवय तेथे आहे. प्रत्येक गावच्या संघाने ताडपत्र्या, पाण्याच्या टाक्या, सौरदिवे आणि मोठी भांडी कोणाच्या गोदामात किती आहेत, याची यादी करून ती तहसीलदारांकडे पावसाळ्यापूर्वी द्यावी. आपल्या मंदिरांची आणि स्थानकांची जुनी दगडी बांधकामे स्थापत्य अभियंत्याकडून एकदा तपासून घ्यावीत. कळसावर सोने चढविण्याच्या बोलीतील थोडी रक्कम भिंतीच्या पट्ट्याला मिळाली, तर तेही अभयदानच आहे.

घरचे काम त्याहून सोपे. दुकानाच्या विमापत्रात भूकंपाचा समावेश आहे की नाही, हे आजच वाचावे. अनेक आगविम्यांत तो वेगळा घ्यावा लागतो. बँक खात्यावर नामनिर्देशन नसेल, तर वारसांना कागदपत्रांसाठी महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यासाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. उधारीच्या वहीची एक प्रत दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे असू द्यावी. फॉर्म शाखेतच मिळतो, आणि तो भरावयास पाच मिनिटे पुरतात.