रोगाआधी पथ्य

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे घरोघरी ठाऊक असते. तरुणांच्या व्यसनाविषयी मात्र समाज नेमके तेच करीत असतो. मॉरिशसमधील अमली पदार्थांच्या व्यापाराची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१८ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हापासून या संकटाची चर्चा थांबलेली नाही. पकडणे, शिक्षा करणे व उपचार करणे आवश्यकच होय. परंतु हे सारे घराला आग लागल्यानंतरचे उपाय आहेत.

आगीपूर्वीचा उपाय अमेरिकेतील आयोवा व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत पारखून पाहण्यात आला. 'प्रॉस्पर' नावाच्या या उपक्रमास २००२ च्या सुमारास २८ लहान वस्त्या निवडण्यात आल्या आणि त्यांतील १४ ठिकाणी तो राबविण्यात आला. तेथे शिक्षक, पालक, आरोग्यसेवक व विद्यापीठाचे विस्तारकार्यकर्ते यांची छोटी मंडळे बनली. सहाव्या इयत्तेतील मुलांची कुटुंबे सात आठवडे, आठवड्यातून एक सायंकाळ एकत्र येत. पहिला तास पालक व मुले वेगवेगळी बसत. दुसऱ्या तासाला सारे एकत्र. मुलांनी मोहाला नकार कसा द्यावा आणि पालकांनी माया न सोडता शिस्त कशी लावावी, याचा तेथे अभ्यास होई. पुढील वर्षी तोच धडा शाळेत पक्का केला जाई.

शेकडा सुमारे सतराच कुटुंबे या सायंकाळी आली. तथापि बारावीपर्यंत पाहता त्या वस्त्यांतील मुलांत व्यसनाचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा कमी आढळले. न आलेल्या मुलांपर्यंतही मित्रांच्या संगतीने सुपरिणाम पोहोचला, असे पुढील अभ्यासात दिसून आले. संगत बिघडवते, तशी ती सावरतेही.

मॉरिशसच्या मराठी समाजाला ही रीत परकी वाटू नये. करारावर आलेल्या पूर्वजांनी दिवसभर उसाच्या मळ्यात राबून सायंकाळी बैठका चालविल्या. भाषा व धर्म टिकले ते त्या बळावर. आज त्याच बैठकीच्या ओसरीवर शाळा, मंडळ, आरोग्यसेवक व आईबाप एकत्र बसू शकतात. मात्र गणेशोत्सवात एखादे व्याख्यान ठेवून हे कार्य साधणार नाही. पारखलेला क्रम, ठरलेल्या सायंकाळी, वर्षानुवर्षे न चुकता चालविला पाहिजे. पूर्वजांनी अक्षरांसाठी जी चिकाटी दाखविली, तीच आता लेकरांसाठी हवी आहे.