‘संशयकल्लोळां’तील आवडता व नावडता प्रवेश

कै. गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील तसबिरीचा प्रवेश आम्हांस सर्वांत प्रिय आहे. मूर्च्छित रेवतीस फाल्गुनराव सांवरतो, तें त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेजवळ फाल्गुनरावास दिसते. दोघांनीं पाहिलें तें खरें. ताडिलें तें खोटें!

अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो, तो भाग मात्र आम्हांस रुचत नाहीं. फाल्गुनरावाचा संशय हास्यास्पद ठरतो. अश्विनशेठचा तसाच अन्याय गोड पदांमुळें क्षम्य वाटूं लागतो. गळा गोड म्हणून दोष लहान होत नाहीं.

मुलांवर रागावण्यापूर्वीं पालकांनीं व मित्रास दूषण देण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं एक सरळ प्रश्न विचारावा. फाल्गुनरावानें तो विचारिला असता, तर नाटक पहिल्या अंकांतच संपलें असतें!