अमेरिकेत आलेल्या आईवडिलांनो, शाळेला आजच लिहा

एच-वन किंवा एल-वन व्हिसावर नुकतेच अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबांना ही कळकळीची विनंती आहे. मूल बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, किंवा स्वमग्नतेचं निदान पुण्यातच झालेलं असेल, तर ‘आधी ग्रीन कार्ड येऊ दे’ म्हणून थांबू नका. ‘त्याचा बाबाही उशिराच बोलायला लागला’ या फोनवरच्या दिलाशावरही विसंबू नका.

इथला विशेष शिक्षणाचा कायदा १९७५ पासूनचा आहे. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं दार बंद करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. तुमचं मूल तर रीतसर व्हिसावर आलं आहे. मात्र शिक्षिकेशी जाता-येता बोललेलं कुठेच नोंदलं जात नाही. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला ईमेल करून मुलाची तपासणी लेखी मागा. मूल अजून शाळेत जात नसलं तरी चालतं. संमतीपत्रावर तुमची सही झाली की केंद्रीय कायद्याप्रमाणे ६० दिवसांत तपासणी व्हावी लागते; काही राज्यांची मुदत वेगळी आहे. तपासणीचा खर्च तुमच्यावर पडत नाही. मूल पात्र ठरलं तर त्याच्यासाठी आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षणाचा आराखडा, तयार होतो आणि गरजेप्रमाणे स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी शाळेतच मोफत मिळते.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन ही वेगळी सेवा आहे. तिथे डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी आईवडील थेट फोन करू शकतात. तिसऱ्या वाढदिवसाला ती सहसा संपते, म्हणून अडीच वर्षांच्या मुलाचा एक महिनाही वाया घालवू नका.

घरातलं मराठी बंद करा, असं कुणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. मराठीच कळणाऱ्या मुलाला इंग्रजीतून प्रश्न विचारून त्याला काही येत नाही असं ठरवणं अन्याय आहे. शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेतच तपासणी व्हावी, असं कायदाच सांगतो. आयईपीच्या बैठकीत तुम्हाला दुभाषाही मागता येतो.

महाराष्ट्र मंडळांनो, नवरा ऑफिसात, हाताशी गाडी नाही, गावात ओळख नाही, अशी एखादी आई हे सगळं दिवसभर एकटीने पेलत असते. यंदा गणेशोत्सवाच्या हॉलमध्ये तिच्यासाठी एक टेबल मांडा. ज्यांची मुलं या वाटेने गेली आहेत त्यांनी तिथे बसावं आणि पहिल्या बैठकीला तिच्यासोबत जावं. जाणकार माणूस बरोबर न्यायला कायद्याची मुभा आहे. प्रत्येक राज्यात सरकारी अनुदानावर पालकांसाठी माहिती केंद्र चालतं, त्याचा नंबर तिला द्या.

पण आईवडिलांनी गणपतीची वाट पाहू नये. भारतातले रिपोर्ट जोडून ईमेल आजच पाठवा आणि त्याची तारखेसह प्रत जपून ठेवा.