मोठा लेथ, लहान वाटी

चाकणपासून हिंजवडीपर्यंतच्या कारखानी पट्ट्यातून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक यंत्र मुकाट्याने हद्दपार होत आले आहे. हाताने चालवायचा सहा फुटी, आठ फुटी लेथ हे ते यंत्र. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी यंत्रे प्रथम मोठ्या कारखान्यांनी घेतली, मग त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान वर्कशॉपांनाही ती घेणे भाग पडले आणि जुना लेथ भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने गेला. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या टर्नरला काट्यावर चढविता येत नाही; त्याला घरी पाठविण्यात आले. आकुर्डीतील बजाज ऑटोचे उत्पादन २००७ साली थांबले तेव्हा निदान बातमी तरी झाली. पत्र्याच्या शेडमधले चार-सहा कामगारांचे वर्कशॉप बंद पडते त्याची बातमी होत नाही. तेथे युनियन नसते, आणि नुकसानभरपाईही बहुधा नसते.

या यंत्राचा आणि या माणसाचा एक उपयोग आम्ही येथे सुचवीत आहोत. तो वाचून काही साथींना हसू येईल. लाकडी वाट्या कातणे हा तो उपयोग होय.

लेथ हे मूळचे लाकडाचेच यंत्र. लोखंड त्याच्यावर फार उशिरा चढले. आपल्या गावगाड्यात कातकाम करणारा कातारी होता. कुंकवाचा करंडा, ताक घुसळण्याची रवी, लाटणे, पाळण्याचे खांब त्याच्या हातून उतरत. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी खेळण्यांच्या रूपाने ही विद्या अजून तग धरून आहे. मारुंजीसारख्या मुळशी तालुक्यातील गावात तिचा मागमूस नसला, तरी तिची थोरली बहीण, म्हणजे लोखंड कातण्याची विद्या, या परिसरात घरोघर आहे.

लोखंडाच्या मोठ्या लेथवर चार-सहा इंची वाटी उतरविणे हे तोफेने चिमणी मारण्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात त्या यंत्राचे वजनच कामी येते. झाडाच्या खोडाचा ओबडधोबड तुकडा फिरू लागला की तो तोल सोडून झोके देतो. हलका लेथ त्याबरोबर थरथरतो, ओतीव लोखंडाचा जड बेड हलत नाही. जुन्या लेथची गती मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या आसपास संपते, पण एवढ्या वाटीला ती पुरते. अडचण येते ती हत्यार धरण्याची. लोखंडाच्या कामात हत्यार यंत्राच्या मुठीत असते आणि कामगार चाक फिरवितो. लाकडाच्या वाटीला गोल धारेची पटाशी माणसाच्या मुठीत लागते. सबब कॅरेज मागे सारून बेडवर वेल्डिंग केलेला एक टेकू बसवावा लागतो. हे काम कोणताही वर्कशॉपवाला एका दुपारात करील. चकाचे जबडे लहान वाटीला बोटांच्या फार जवळ येतात. म्हणून तुकडा फेसप्लेटवर टाकाऊ लाकडाचा ठोकळा चिकटवून त्यावर धरणे बरे. लोखंडी लेथचे वंगण भुशाने गच्च होते, तेव्हा बेडवर फडके अंथरायचे आणि काम संपताच ते झटकायचे.

मग खरी विद्या सुरू होते. वाटीची बाहेरची बाजू तळाकडून काठाकडे कातायची, आतली काठाकडून मध्याकडे. उलट गेल्यास रेषा उचकटतात आणि ढलप्या निघतात. ओले लाकूड एकदम पातळ केले तर ते वाळताना तडकते. म्हणून आधी व्यासाच्या साधारण एक दशांश जाडी ठेवून ओबड वाटी उतरवायची, ती सावलीत काही महिने वाळू द्यायची आणि वाकडी झालेली वाटी पुन्हा लेथवर चढवून नेमकी करायची. शेवटी जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत घासून जवसाच्या तेलाचे हात द्यायचे. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, ही कर्नाटकातील चन्नपट्टणच्या कारागिरांची रीतही शिकण्यासारखी आहे. लाकडाचा बारीक भुसा मात्र निरुपद्रवी समजू नये. तो माणसात कर्करोग घडवितो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच ठरविले आहे. नाकावर मुसके आणि भुसा ओढून नेणारा पंखा यांवाचून हे काम करू देऊ नये.

लाकूड आणायचे कोठून? हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाभोवती रस्ते रुंद होतात, इमारती उठतात आणि आंबा, बाभूळ, शिरीष आडवे पडतात. परवानगीने तोडलेली ती खोडे वखारीत जळणाच्या भावाने जातात. (याच मारुंजीत ३ जानेवारी २०१६ रोजी संघाचा ‘शिवशक्ती संगम’ भरला होता. एका दिवसासाठी जागा, पाणी, वाहने, सारे काही जमले होते. बेकार टर्नरांच्या एका शेडसाठी जागा नाही, असे कोणी सांगितल्यास हे स्मरावे.)

यंत्राविषयी आपल्या चळवळीत जुना वाद आहे. गांधींना १९२४ साली यंत्राबद्दल छेडले असता त्यांनी शिलाई यंत्राचा अपवाद केला होता. ते यंत्र बनविण्याला मोठा कारखाना लागेलच, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा ताब्यातले असावेत, असे होते. लोहियांनी लहान यंत्राचा पुरस्कार केला तोही माणूस यंत्राचा चाकर होऊ नये म्हणून. आमच्या मते, मारुंजीच्या शेडमध्ये प्रश्न यंत्राच्या आकाराचा उरत नाही. आठ फुटी लेथ दहा जणांच्या मालकीचा असेल तर तो लहानच आहे, आणि ठेकेदाराने भाड्याने दिलेले टेबलावरचे यंत्रही माणसाला गिळू शकते.

सरकारने या कामी काय केले आहे? १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज. रक्कम तुटपुंजी असली तरी कारागिराला ती नको असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप व्याख्येवर आहे. हे अठरा व्यवसाय ‘कुटुंबाधारित पारंपरिक’ असावेत, असे योजना म्हणते. त्यांत सुतार आहे, पारंपरिक खेळणी करणारा आहे, टर्नर नाही. ज्याला सरकारच्याच आयटीआयने दोन वर्षे शिकवून टर्नर केले, ज्याने वीस वर्षे शतांश मिलिमीटरचे माप सांभाळले, त्याची विद्या बापाकडून आलेली नाही म्हणून ती कारागिरी ठरत नाही. अर्जावर जातीचा रकाना नसेल. पण धंदा घराण्यातून उतरतो ही कल्पना जेथून आली ते घर आपल्या परिचयाचे आहे. ज्या महाराष्ट्रात फुले आणि आंबेडकर होऊन गेले तेथे तरी ही व्याख्या निमूटपणे स्वीकारली जाऊ नये. कारागीर कोण हे हातातल्या कामावरून ठरले पाहिजे, आणि टर्नरला त्या यादीत जागा मिळाली पाहिजे.

याउलट १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम पाहावा. संस्था नोंदवायला तो किमान दहा माणसे मागतो आणि ती दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली असावीत असे सांगतो. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला, हा इतिहास आपल्याच राज्याचा आहे. पुढची वाट त्यांना खडतर गेली, हेही लपविण्याचे कारण नाही. भांडवल आणि बाजारपेठ नसेल तर मालकीचा कागद पोटाला पुरत नाही.

वाट्या कातून संसार चालेल काय, असे साथी विचारतील. एकट्याने कातल्या तर नाही. व्यापारी सांगेल त्या भावाने त्या द्याव्या लागतील आणि दुकानात तीच वाटी कितीतरी पटीने विकली जाईल. आणि हा उद्योग म्हणजे कायम नोकरीच्या मागणीला पर्याय, असे कोणी सरकारला वाटू देऊ नये. कंत्राटी पद्धतीविरुद्धचा, बेकार झालेल्यांच्या भरपाईचा लढा तसाच चालावयास हवा. पण लढा चालू असताना पंचेचाळीस वर्षांच्या टर्नरने सोसायटीच्या फाटकावर वॉचमनची टोपी घालून बसावे, याला आपण पर्याय देत नाही, तोवर आपल्या ठरावांना तो कान देणार नाही.

निदान एवढे करता येईल. मारुंजी, माण, हिंजवडी या गावांतील कार्यकर्त्यांनी दहा कुटुंबांतले दहा टर्नर शोधावेत. भंगारात निघालेला एक लेथ काट्यावरच्या भावाने घ्यावा. ग्रामपंचायतीकडे शेडपुरती जागा आणि तोडलेल्या झाडांच्या खोडांवर पहिला हक्क मागावा. पावसाळ्याआधी तारांच्या आड येणारी झाडे छाटली जातात. ते लाकूड जूनपूर्वी छपराखाली आले, तर ओबड वाट्या पावसाळाभर वाळतील आणि दिवाळीच्या सुमारास दुसऱ्यांदा लेथवर चढतील.