सोळा मात्रांचे अंगण

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावासारख्या गावात व्यापाऱ्याचे घर बहुधा पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड अशाच रचनेचे असते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात. दुकान बंद झाले, रोजमेळ जुळला, की निजेपर्यंत तास-दीड तास मोकळा उरतो. अशाच एखाद्या घरातील भिंतीवर खिळ्याला अडकवलेली गिटार डोळ्यांसमोर आणावी. घरातील मुलाने वा मुलीने हट्ट धरून ती आणवलेली असते. पहिले दोन महिने बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत सराव होतो, तीन-चार चित्रपटगीते बसतात आणि हळूहळू वाद्य मुके होते. वडीलधारी मंडळी म्हणतात, हौस फिटली. पैसे मात्र पाण्यात गेले.

हा निवाडा पुष्कळदा घाईचा असतो. पाठ केलेले गाणे वाजवून झाले की त्यात वाजवणाऱ्याचे स्वतःचे करण्यासारखे काही राहत नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून माल बांधून देणाऱ्या नोकराची जी अवस्था, तीच त्या मुलाची होते. त्याला हवा असतो स्वतःचा व्यवहार, मग तो कितीही लहान भांडवलाचा असो. घरच्या घरी तो सुरू करण्याची एक साधी रीत आहे. दोन कॉर्डची किंवा चार-सहा स्वरांची एखादी छोटी चाल, जिला गिटारवादक 'रिफ' म्हणतात, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. ती अखंड फिरत ठेवावी आणि तिच्यावर त्या क्षणी सुचतील ते स्वर वाजवीत जावे. फिरत्या चालीला 'लूप' असे नाव आहे.

नाव परके असले तरी वस्तू परकी नाही. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर जो लेहरा चालतो, तो याहून निराळा नसतो. एकच आवर्तन अर्धा-पाऊण तास फिरत राहते आणि तबलजी त्यावर कायदे, रेले, तुकडे मांडून समेवर येतो. लेहरा धरणाऱ्याने मध्येच आपली कलाकुसर दाखवली तर तबलजीचा हिशेब विस्कटतो, म्हणून लेहरा साधाच ठेवतात. भजनातही टेक सगळ्यांनी मिळून धरायची आणि एकाने तिच्याभोवती फिरून पुन्हा टेकेवर यायचे, ही वहिवाट गावोगावच्या भजनी मंडळांत आणि मंदिरांतील पूजांतही आहे. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. तेथील माणसाला टाळकऱ्यांनी धरलेल्या ध्रुपदाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रकाराला शास्त्रातही फार जुने नाव आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. स्वतःला 'निःशंक' म्हणवणारा हा पंडित राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात आलप्तीचे विवेचन येते. रचनेचा आधार न घेता केवळ राग उलगडणे ही रागालप्ती. ठरलेल्या रचनेच्या आणि तालाच्या आत राहून केलेला विस्तार ही रूपकालप्ती. तिचेही प्रकार त्याने सांगितले आहेत. विस्तार करून पुन्हा मूळ रचनेचा तुकडा धरायचा ती प्रतिग्रहणिका; रचनेतील एखादाच अवयव घेऊन, त्याचे माप न मोडता, तो नाना तऱ्हांनी गायचा ती स्थायभंजनी. लूपवर गिटार वाजवणारे मूल नकळत या दोन्ही गोष्टी करीत असते. दिगंबर परंपरेतील पार्श्वदेव यांच्या 'संगीतसमयसार' ग्रंथातही आलप्ती आणि ठाय यांची चर्चा आहे. देशी संगीताच्या अभ्यासकांना तो ग्रंथ टाळता येत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. मिनिटाला ६० मात्रांची संथ गती धरावी. आठ मात्रा 'सी मेजर' कॉर्ड, पुढच्या आठ मात्रा 'जी मेजर'. एवढ्याने सोळा मात्रांचे, म्हणजे तीनतालाएवढे आवर्तन होते आणि त्याला १६ सेकंद लागतात. अर्ध्या घटकेत, म्हणजे १२ मिनिटांत, अशी ४५ आवर्तने होतात. आरंभाला तेवढी पुरेत. आवर्तनाचा सांधा मात्रेवर नेमका जुळला नाही तर चाल लंगडते. ते साधत नसेल तर दहा-बारा मिनिटे हातानेच सलग वाजवून ध्वनिमुद्रण करावे; त्यातही गतीचा चांगला अभ्यास होतो.

यावर वाजवायचे स्वर पाचच : सी, डी, ई, जी, ए. 'सी'ला षड्ज मानले की हे भूपाचे सा, रे, ग, प, ध होतात. पहिल्या आठ मात्रांत सा, ग किंवा प यांवर विसावावे. पुढच्या आठ मात्रांत रे किंवा प यांवर. पंचम दोन्हीकडे चालतो, म्हणून नवख्याचा तो हक्काचा मुक्काम. पहिले दोन दिवस एकाच स्वराने खेळावे आणि तो कोठे शोभतो, कोठे नाही, एवढेच ऐकावे. मग दोन स्वर. बहुतेकांची चूक स्वर चुकण्यात नसते. सोळाच्या सोळा मात्रा भरून काढण्याच्या घाईत ती असते. चार मात्रा वाजवून चार मात्रा नुसते ऐकणे हे जलद बोटे फिरवण्यापेक्षा अवघड आहे.

यापुढची गंमत मोठी आहे. बोटांच्या जागा त्याच, स्वर तेच पाच; फक्त खालची फिरती चाल बदलून 'ए मायनर' कॉर्डची करावी. कान आपोआप 'ए'ला षड्ज मानू लागतो आणि तेच पाच स्वर आता सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे, म्हणजे धानीचे, ऐकू येतात. प्रसन्न भूप गेला आणि काहीशी हुरहुर लावणारी धानी आली, पण बोट एका पडद्यानेही सरकलेले नाही. जुन्या ग्रंथांतील मूर्च्छनेची कल्पना समजावून सांगायला याहून सोपे प्रात्यक्षिक मिळणे कठीण. अनेकांताची उपमा येथे ओढूनताणून आणण्याचे कारण नाही. तथापि कोठून पाहिले यावर काय दिसले हे अवलंबून असते, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलालाही पाच मिनिटांत कानाने पटते. अर्थात असे वाजवणे म्हणजे राग गाणे नव्हे. रागाला चलन असते, वादी-संवादी असतात आणि त्यासाठी गुरूच लागतो.

जैन घरात आणखी एक चौकशी रास्त ठरते. सारंगीच्या मुख्य तारा आतड्याच्या असतात आणि तबल्याची पुडी चामड्याची. युरोपातील गिटारीलाही पूर्वी आतड्याच्याच तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आले आणि ती प्रथा मागे पडली. आज पोलादी वा नायलॉनच्या तारा सर्वत्र मिळतात. मात्र गळ्याच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती 'नट' नावाची पट्टी, तसेच खालच्या घोडीवरची 'सॅडल' ही पट्टी, काही गिटारींत हाडाची असते. खांद्याचा पट्टाही चामड्याचा असू शकतो. या पट्ट्या प्लास्टिकच्या आणि पट्टा कापडी मिळतो. घेण्यापूर्वी विचारावे, एवढेच. वाद्य परदेशी आहे, हा आक्षेप मात्र फारसा टिकत नाही. मंदिरातील हार्मोनियमही युरोपातूनच आली आणि गिटार मांडीवर आडवी ठेवून ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत १९६७ साली निघालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेक घरांत ऐकली गेली आहे.

उरतो तो गंभीर आक्षेप : श्रोत्रेंद्रियाचे लाड कशासाठी? नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी आपल्या पुत्रांपैकी वृषभसेनाला गांधर्वशास्त्र शिकवल्याचे वर्णन आहे, तेव्हा गृहस्थाला ही विद्या वर्ज्य नाही. त्याच पुराणात नीलांजनेची कथा येते. राजसभेत नृत्य चालू असताना तिचे आयुष्य संपले आणि रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने त्याच क्षणी तिच्या जागी तशीच दुसरी नर्तकी उभी केली. ताल चुकला नाही, नृत्य थांबले नाही, सभेला काही कळले नाही. ऋषभदेवांना मात्र कळले आणि त्यांच्या मनात वैराग्य जागे झाले. ती कथा वैराग्याची आहे. तिला घरगुती सरावाच्या पातळीवर आणणे योग्य नव्हे. परंतु तेच ते चालू आहे असे वाटत असताना काय बदलले हे ओळखणारे लक्ष किती दुर्मीळ असते, याची कल्पना तिच्यातून येते. चाळिसाव्या आवर्तनातही खालची चाल खरोखर ऐकणारे मूल आणि बोटे फिरवीत पडद्यावरची चित्रे पाहणारे मूल यांत याच लक्षाचे अंतर असते.

म्हणून लूप बोलावा तो मदतीपुरता. 'ए मायनर' आणि 'जी' या दोन कॉर्ड शिकायला प्रौढ माणसालाही पंधरवड्यापेक्षा अधिक काळ लागू नये. पूजेतील पदांना हार्मोनियमची साथ करणारी आजी किंवा आई घरात असेल तर तिला तेही शिकावे लागणार नाही. सा आणि प धरून ती सोळा मात्रा सहज फिरवील, आणि मुलाचा हात घाईत पुढे पळाला तर यंत्राप्रमाणे दुर्लक्ष न करता त्याच्याकडे पाहील. रोजमेळ मिटल्यावर वडिलांनी वहीच्या पुठ्ठ्यावर बोटांनी ठेका धरला तरी काम भागते. असे कोणी शेजारी बसायला तयार असेल त्या रात्री मोबाइल बंद ठेवावा.